पालकत्वाचा राजीनामा लिहून घेऊ नका

(समुपदेशन केंद्रांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या जिल्हा शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या मायलेकींची हकिगत यात आहे त्यांच्या परवानगीने ती सांगितली आहे. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.)

मैत्रिणींनो,

सकाळच्या सत्रात आपल्यातल्या एकीने विचारलं, "बाई स्वतःच म्हणते, मूल माझ्याकडे राहू दे, मला त्याचा एक पैसा नको. नवराही लिहून द्यायला तयार आहे. दोघं राजी असताना आपण कशाला मध्ये पडायचं?" प्रश्न अगदी रोजच्या कामातला आहे. आपल्यापैकी प्रत्येकीच्या टेबलावर तो महिन्यातून एकदा तरी येतो. पण उत्तर देण्याआधी मी माझी एक चूक सांगणार आहे. कारण उत्तर मला पुस्तकातून मिळालेलं नाही, त्या चुकीतून मिळालेलं आहे.

२०१३ सालची गोष्ट. एम.एस.डब्ल्यू. होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. केंद्रावर एक बाई यायची. तिचं नाव मी घेणार नाही, तिला आपण नुसतं 'मुलीची आई' म्हणू. वय सव्वीस-सत्तावीस. मुलगी सहा वर्षांची. नवरा कारखान्यात कायम नोकरीला. मारहाण, संशय, दुसरी बाई, सगळं होतं. ती माहेरी येऊन राहिली होती आणि शिवणकामावर दिवस काढत होती. तिला एकच भीती होती, तो मुलगी ओढून नेईल. शाळेच्या दारात तो दोनदा येऊन उभा राहिला होता. त्या भीतीने ती रात्र रात्र झोपत नसे.

मग एक दिवस त्याच्याकडून निरोप आला. "संमतीने घटस्फोट घेऊ. मुलगी तुझी. मी तिच्यावर हक्क सांगणार नाही, तोंडही दाखवणार नाही. पण पोटगी मागायची नाही. तुझीही नाही, तिचीही नाही." ती धावत केंद्रावर आली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही आठवतो. "ताई, सुटले मी!" म्हणाली. खरं सांगते, मलाही सुटल्यासारखंच वाटलं. नवीन होते, एक केस 'यशस्वी' होत होती. तिचे भाऊ म्हणाले, "त्याच्या पैशाला आमच्या घरात जागा नाही." आम्हाला वाटलं, केवढा हा स्वाभिमान!

तडजोडीचा कच्चा मसुदा मीच माझ्या हाताने लिहिला. वकिलांनी तो टाईप करून घेतला. त्यातलं एक कलम मला पाठ आहे. "अज्ञान मुलीच्या पालनपोषणाची, शिक्षणाची व लग्नाची संपूर्ण जबाबदारी आईची राहील. वडिलांवर कोणतीही जबाबदारी राहणार नाही व ते मुलीवर कोणताही हक्क सांगणार नाहीत." सहा महिन्यांनी निकाल झाला. तिने केंद्रात पेढे वाटले.

नऊ वर्षांनी, २०२२ मध्ये, ती पुन्हा आली. या वेळी मुलगी बरोबर होती. पंधरा वर्षांची, दहावीला चांगले मार्क मिळवलेली. तिला डिप्लोमाला जायचं होतं. आईची नजर शिवणकामाने अधू झालेली, भाऊ आपापल्या संसारात. फी भरायला काही व्यवस्था होईल का, एखादी शिष्यवृत्ती आहे का, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. मी फाईल काढली. मुलीने ती माझ्या हातातून घेतली आणि तडजोडीचा कागद शांतपणे वाचला. मग मला विचारलं, "मावशी, यावर आईची सही आहे, बाबांची आहे, वकिलांच्या आहेत. पण सोडलं ते माझं होतं ना? मला कुणी विचारलं होतं?"

मैत्रिणींनो, मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई. 'मुलाचं हित सर्वोपरी' हे वाक्य परीक्षेत कितीदा लिहिलं असेल. पण त्या मुलीपुढे माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आज ते देण्याचा प्रयत्न करते.

पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. अमेरिकेसारख्या देशात पालकत्वाचे हक्क न्यायालयाच्या आदेशाने संपुष्टात आणण्याची पद्धत आहे. तिथेही खर्च टाळायचा म्हणून बाप हक्क सोडतो म्हणाला तर न्यायालयं सहसा ते मान्य करीत नाहीत. आपल्याकडे तर पालकत्वाचा राजीनामा अशी चीजच कायद्यात नाही. जन्म दिलेल्या आईबापांशी असलेलं मुलाचं कायदेशीर नातं तुटतं ते रीतसर दत्तकविधानाने, जेव्हा त्याला दुसरे आईबाप मिळतात तेव्हा. स्टॅम्पपेपरवर लिहून, नोटरीकडे जाऊन, पंचांसमोर सांगून किंवा जातपंचायतीत काडी मोडून ते तुटत नाही.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम २० प्रमाणे मुलांचा निर्वाह करणं हे आई आणि बाप दोघांचं कर्तव्य आहे. मूल लग्नसंबंधातलं असो वा लग्नाबाहेरचं. हा कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. निर्वाह म्हणजे दोन घास एवढंच नाही. अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधपाणी, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. मुलगी अविवाहित असेल आणि स्वतःचं भागवू शकत नसेल, तर अठरानंतरही या कायद्याखाली तिला निर्वाह मागता येतो.

दुसरा रस्ता आपल्या रोजच्या ओळखीचा, फौजदारी संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. आकडा बदलला, गाभा तोच. तो धर्म विचारत नाही. शहाबानो प्रकरणानंतर १९८६ चा कायदा आला तेव्हा मुसलमान बायकांच्या मुलांचं काय, असा प्रश्न उभा राहिला होता. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुस्लिम बापाचीही मुलांना पोसण्याची या कलमाखालची जबाबदारी कायम आहे, घटस्फोटित पत्नीसाठीच्या त्या कायद्याने ती कमी होत नाही. पूर्वी या कलमाखाली महिना पाचशे रुपयांची मर्यादा होती, ती २००१ मध्ये उठली. हे सगळं बायकांनी झगडून मिळवलेलं आहे. मग आपण ते एका ओळीत का लिहून देतो?

आता मुख्य मुद्दा. पोटगी मागण्याचा बाईचा हक्क तिचा स्वतःचा आहे. तो ती सोडते तेव्हा तेही आपण नीट तपासावं, पण निदान वस्तू तिची असते. मुलाचा निर्वाह ही मात्र आईची मालमत्ता नाही. ती त्याची राखणदार आहे, मालकीण नाही. म्हणूनच आईने तडजोडीत लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्यामुळे जात नाही, असं न्यायालयांनी अनेक निकालांत म्हटलेलं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही मुलाचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण याबाबत नव्याने आदेश मागता येतात. म्हणजे माझ्या हाताने लिहिलेलं ते कलम कायद्याच्या दृष्टीने पोकळ होतं.

तुम्ही म्हणाल, पोकळ होतं तर बिघडलं काय? बिघडलं ते सांगते. कागद पोकळ होता, पण त्याचा धाक भरीव होता. "मी लिहून दिलंय, आता कुठल्या तोंडाने मागू?" असं म्हणत त्या बाईने नऊ वर्षं काढली. निर्वाहाचा आदेश होतो तो फार तर अर्ज केल्या तारखेपासून. मागची वर्षं परत येत नाहीत. त्या माणसाने महिना दीड हजार दिले असते असं धरा, त्याच्या पगाराच्या मानाने काहीच नाही. नऊ वर्षांचे महिने होतात एकशेआठ. म्हणजे एक लाख बासष्ट हजार रुपये. तेवढं त्या मुलीचं दूध, वह्या, दवाखाना आणि सहलीची वर्गणी माझ्या एका वाक्याने गेली. आईचे डोळे गेले ते हिशेबात धरलेलेच नाहीत.

बायका असं का लिहून देतात? त्यांना दोष देण्यासाठी मी हे विचारत नाही. पहिलं कारण भीती. मूल हिरावलं जाईल ही भीती बापाला माहीत असते आणि तो तिचाच सौदा करतो. त्याला मूल हवंच असतं असं नाही. ताब्याची धमकी ही पोटगी बुडवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. दुसरं कारण थकवा. तारखांवर तारखा, रोज बुडतो, वकिलाची फी, एकदाचं संपू दे असं वाटतं. तिसरं कारण स्वाभिमान, आणि इथे मला थोडं कडवट बोलायचं आहे. "त्याचा पैसा नको" हे वाक्य ऐकायला तेजस्वी वाटतं. पण ते बहुतेक वेळा भाऊ बोलतात, आणि शिलाईचं मशीन बहीण चालवते. बापाने मुलाला पोसणं हे बाईवर उपकार नाहीत. मग ते नाकारण्यात तिचा स्वाभिमान कसला?

चौथं कारण असं की पैसे घेतले तर त्याला भेटू द्यावं लागेल, असं बायकांना वाटतं. पैसे सोडले की तो कायमचा टळेल. या दोन गोष्टी कायद्याने एकमेकींना बांधलेल्या नाहीत. भेटीचा प्रश्न मुलाच्या हिताने ठरतो. बाप हिंसक असेल, दारू पिऊन येत असेल, तर भेटी थांबवाव्यात किंवा न्यायालयाच्या देखरेखीखाली व्हाव्यात अशी मागणी आपण करू शकतो. निर्वाह त्याला तरीही द्यावाच लागतो. उलट, "हक्क सांगणार नाही" असं त्याने लिहून दिलं म्हणून तो पुन्हा येणार नाही, याची खात्री नाही. ताब्याबाबतचा कुठलाही करार मुलाच्या हितापुढे टिकत नाही. म्हणजे बाई खरी वस्तू देते आणि बदल्यात खोटी घेते.

एक आक्षेप शिबिरांत तरुण मुलंच नव्हे तर मुलीही घेतात. बाईला गर्भपाताचा अधिकार आहे, मग पुरुषाला नको असलेलं मूल त्याच्या गळ्यात का? प्रश्न झटकून टाकू नये. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची जी मुभा दिली, ती बाईच्या शरीराशी, तिच्या आरोग्याशी निगडित आहे. मूल जन्मल्यावर तिलाही ती मुभा उरत नाही. जन्मलेलं मूल ही तिसरी व्यक्ती आहे. त्याला भूक लागते, ताप येतो. दोन मोठ्या माणसांनी एकमेकांना माफ करायचं आणि बिल तिसऱ्याने भरायचं, हा न्याय नव्हे.

आता उलट बाजूही बघू. मूल सोपवण्याची एक वाट कायद्यात आहे. बाल न्याय कायदा, २०१५ याच्या कलम ३५ प्रमाणे, परिस्थितीपुढे हतबल झालेले आईबाप मूल बाल कल्याण समितीकडे सोपवू शकतात. समितीसमोर जावं लागतं, समुपदेशन होतं, लेखी द्यावं लागतं, आणि फेरविचारासाठी दोन महिने दिलेले असतात. ते मूल दुसऱ्या घरी वाढावं म्हणून ही तरतूद आहे. आईने एकटीने वाढवायचं आणि बापाने मोकळं व्हायचं, यासाठी ती नाही. या कामानिमित्त मी समितीसमोर काही कुमारी मातांबरोबर बसले आहे. पोरगी थरथरत्या हाताने सही करते. तिला दहा प्रश्न विचारले जातात, विचारायलाच हवेत. पण तो कुठे असतो? त्याला कुठल्या समितीसमोर जावं लागत नाही. फेरविचाराचे दोन महिने लागत नाहीत. त्याने फोनचं सिमकार्ड बदललं की त्याचा राजीनामा मंजूर! लग्नाबाहेरच्या मुलालाही बापाकडून निर्वाह मिळतो, हे त्या मुलीला वेळेवर कुणी सांगितलेलं नसतं. मूल सोपवावं की ठेवावं हा निर्णय तिचा. पण तो पैशाअभावी होत असेल, तर आधी त्या पैशाचा रस्ता तिला दाखवणं हे आपलं काम आहे.

गेल्या काही वर्षांत आईच्या हक्काच्या बाजूने चांगले निकाल आले. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाप हयात असतानाही, तो मुलाकडे लक्ष देत नसेल तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते. २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाला नोटीस न देता पालकत्व मिळू शकतं, असा निकाल झाला. यांचं आपण स्वागत केलं, करायलाच हवं. पण त्याबरोबर सावधही राहायला हवं. आईला अधिकार मिळणं आणि बापाची जबाबदारी संपणं या दोन गोष्टी एक नव्हेत. नाहीतर पालकत्वाचा मान आईला आणि सूट बापाला, अशी वाटणी होईल.

आता कामाचं बोलते. उद्यापासून आपल्या केंद्रात काय करायचं?

तडजोडीच्या कागदात मुलाचा निर्वाह सोडल्याचं कलम लिहू नका, लिहू देऊ नका. नवरा अडून बसला तर बाईच्या रकमेवर बोलणी करा, मुलाच्या नाही. मुलाची रक्कम आईच्या रकमेपासून वेगळी दाखवा. दरवर्षी ती किती वाढेल ते लिहा. शाळेची फी आणि मोठं आजारपण यांचा वाटा वेगळा नोंदवा. एकरकमी देत असेल तर ती मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायला लावा, मामाच्या हातात नको. आई कमावती असेल तर तिचाही वाटा असतो. तो दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात ठरावा, हे आपण मोकळेपणाने मान्य करू.

नवऱ्याची मिळकत कळत नाही ही नेहमीची अडचण. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये निर्वाहाच्या प्रकरणांत दोन्ही पक्षांनी मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं ठरवून दिलं, आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही सांगितलं. त्याचा आग्रह धरा. सातबारा उतारा, पगाराची चिठ्ठी, गाडीचे कागद, जे मिळेल ते बाईकडून आधीच जमवून घ्या. घरातून निघताना ती कपडे घेते, कागद विसरते.

थकबाकीचं विशेष लक्षात ठेवा. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. "देईल, देईल" म्हणत वर्ष गेलं की या मार्गाने ती वसुली हुकते. डायरीत तारखा लिहा. प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून पैसे माफ होत नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली मुलांचा निर्वाह मागता येतो, आणि थकवलं तर मालकाने पगारातून परस्पर द्यावं असा आदेशही होऊ शकतो. वकिलाच्या फीसाठी अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने बाई आणि मूल यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते.

आणि जुन्या फायली उघडा. ज्यांच्या तडजोडीत असं कलम आहे, त्या बायकांना पोस्टकार्ड टाका, फोन करा, घरी जा. मूल अठराचं व्हायच्या आत गाठा.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. २०२२ मध्येच तिच्या वतीने आईने अर्ज केला. तो माणूस कोर्टात तडजोडीचा कागद फडकावत आला. "या केंद्रातल्या बाईंनीच लिहिलाय," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. खोटं नव्हतं ते. मी उभं राहून, हो, मी लिहिलं आणि ते चुकीचं होतं, असं म्हणाले. न्यायाधीशांनी विचारलं, मुलगी या तडजोडीत पक्षकार होती का? त्यावर त्याच्या वकिलांना काही बोलता आलं नाही. साडेतीन हजार रुपये महिना ठरले. त्याचं दुसरं घर आहे, दोन मुलं आहेत, तेही न्यायालयाने बघितलं, बघायलाच हवं. दोन वेळा थकवले, दोन्ही वेळा आम्ही वर्षाच्या आत अर्ज केला. मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आता अठरा पूर्ण झाल्याने तो आदेश संपला. पुढच्या शिक्षणासाठी १९५६ च्या कायद्याखाली दावा करावा का, हे ती स्वतः ठरवते आहे. या वेळी अर्जावर सही तिची असेल.

माझी चूक मी जाहीरपणे सांगितली ती मन हलकं व्हावं म्हणून नाही. आपल्या केंद्रांच्या कपाटांत असे किती कागद असतील, ते प्रत्येकीने घरी गेल्यावर मोजावेत म्हणून सांगितली. बाई रडत, हसत, घाईत आपल्यासमोर बसलेली असते. तिच्या शेजारच्या खुर्चीत बहुधा एक मूल पाय हलवत बसलेलं असतं, भिंतीवरची पोस्टर्स बघत. मसुदा लिहिताना त्याच्याकडेही एकदा बघा.

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील ते विचारा.